फ्रेंच येत नाही म्हणून स्पोर्ट्स लॉचा नाद सोडायचा का?

पत्र:
ताई, मी जत तालुक्यातली, पुण्यात बीए एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम. कबड्डी स्टेटपर्यंत खेळले, गुडघा गेला आणि खेळ सुटला. माझा मावसभाऊ कुस्ती करायचा, डोपिंग टेस्टमध्ये त्याचं सॅम्पल पॉझिटिव्ह आलं. तो कुठलीतरी प्रोटीन पावडर घेत होता. नाडाकडून, म्हणजे देशाच्या डोपिंगविरोधी संस्थेकडून, इंग्लिशमध्ये मेल आली ती घरात कोणाला नीट कळलीच नाही, उत्तर द्यायची मुदत निघून गेली आणि त्याच्यावर बंदी बसली. तेव्हापासून मला स्पोर्ट्स लॉ करायचंय. पण एक सिनिअर म्हणाला की या केसेस स्वित्झर्लंडला चालतात, फ्रेंच यायलाच लागतं, नाहीतर नाद सोड. पुढच्या सेमला कॉलेजात क्रेडिटसाठी फ्रेंच किंवा जर्मन घ्यावंच लागणार आहे. बाहेर क्लास लावायचा तर पैसे लागतात आणि लॉ करताना दुसरा कोर्स चालतो का तेही माहीत नाही. माझं इंग्लिशच अजून धड नाही. आणि या लाइनमध्ये पोट भरतं का? खरं काय ते सांगा.

उत्तर:
तुझं पत्र वाचून आधी तुझ्या मावसभावाबद्दलच वाईट वाटलं, कारण एक मेल घरात कोणाला कळली नाही म्हणून पोराची उमेदीची वर्षं जातात हे आपल्याकडे फार होतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. त्याच्याबद्दल खाली लिहिलंय ते त्याला नक्की वाचून दाखव. पण आधी फ्रेंचचं बघू, कारण त्या सिनिअरने तुला उगाच घाबरवून ठेवलंय.

त्याचं बोलणं अर्धं खरं आहे. खेळातल्या भांडणांचं जे सगळ्यात मोठं लवाद आहे, कोर्ट ऑफ आर्बिट्रेशन फॉर स्पोर्ट म्हणजे कॅस, ते 1984 पासून स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात आहे. ऑलिंपिक कमिटी तिथेच, हॉकीची जागतिक संघटना तिथेच, कुस्तीची तिथून जवळच, सायकलिंगची पण त्याच भागात. हा सगळा पट्टा फ्रेंच बोलणारा. ऑलिंपिक चार्टर म्हणजे त्यांच्या नियमांच्या पुस्तकात तर स्पष्ट लिहिलंय की फ्रेंच आणि इंग्लिश मजकुरात फरक निघाला तर फ्रेंच मजकूर धरायचा. एवढं ऐकलं की कोणालाही वाटेल की बाबा, फ्रेंचशिवाय काही खरं नाही.

पण केस कुठल्या भाषेत चालते ते बघ ना. कॅसच्या नियमांप्रमाणे फ्रेंच, इंग्लिश आणि 2020 पासून स्पॅनिश अशा तीन भाषांत कामकाज चालतं, त्यातली एक भाषा दोन्ही पक्षांनी ठरवायची, आणि भारतीय खेळाडूंच्या गाजलेल्या केसेस इंग्लिशमध्येच चाललेल्या आहेत. धावपटू द्युती चंदची घे. शरीरात टेस्टोस्टेरॉन जास्त आहे म्हणून 2014 मध्ये तिला बाहेर ठेवलं, ती कॅसमध्ये गेली आणि जुलै 2015 मध्ये तो नियमच स्थगित करून आली. विनेश फोगाटचं पॅरिसमधलं प्रकरण तर सगळ्या देशाने रात्र जागून पाहिलं, 100 ग्रॅम वजनाने फायनल गेली, अपील फेटाळलं 14 ऑगस्ट 2024 ला. तिथे सुरुवातीला पॅरिसमधल्या वकिलांनी फी न घेता मदत केली आणि नंतर हरीश साळवे उभे राहिले, म्हणजे बघ, खुद्द फ्रान्सच्या राजधानीत चाललेली केस आपला नागपूरकडचा वकील इंग्लिशमध्ये लढला. आणि डोपिंगच्या केसेसमध्ये, ज्या तुला करायच्यात, तिथे वाडाचा, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेचा, जो कोड आहे त्यात उलटं लिहिलंय, इंग्लिश आणि फ्रेंचमध्ये फरक आला तर इंग्लिश मजकूर ग्राह्य.

कॅसच्या निकालावर पुढे जायचं असेल तर स्विस फेडरल ट्रिब्युनल, म्हणजे तिथलं सुप्रीम कोर्ट. मुदत 30 दिवस, आणि अपीलची कारणं फार मोजकी. तिथेही 1 जानेवारी 2021 पासून कॅसच्या निकालाविरुद्धचा अर्ज इंग्लिशमध्ये देता येतो. निकाल मात्र ते त्यांच्याच भाषेत देतात, जर्मन, फ्रेंच किंवा इटालियन. म्हणजे खरी अडचण वाचताना येते, जुने स्विस निकाल मुळातून वाचायचे असतील तर फ्रेंच नाहीतर जर्मन लागते.

मग फ्रेंच कधी लागतेच? तुला लोझानला राहून तिथल्या एखाद्या संघटनेत किंवा कॅसच्या ऑफिसात नोकरी करायची असेल तर फ्रेंच लागणारच असं धरून चाल. भारतात राहून भारतीय खेळाडूंची बाजू लढवायची असेल तर फ्रेंच न येता तुझं काहीही अडणार नाही. पत्रावरून मला तरी तुझं मन दुसऱ्या कामात दिसतंय, पण ते तुझं तू ठरव, दोन्ही रस्ते चांगलेच आहेत.

आता जे कोणी तुला सांगितलं नाही ते सांगते. या कामात भाषा सगळ्यात जास्त कुठे अडते माहितीये? लोझानच्या कोर्टात नाही, तर मॅच संपल्यावर त्या छोट्या खोलीत, जिथे डोप कंट्रोल ऑफिसर खेळाडूपुढे फॉर्म ठेवतो. त्या फॉर्मवर एक रकाना असतो, गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं आणि सप्लिमेंट्स लिहायचा. पोरं घामाने भिजलेली, हरल्याचं नाहीतर जिंकल्याचं डोक्यात, दोन तास लघवी होत नाहीये म्हणून पाणी पीत बसलेली, आणि तो रकाना कोरा सोडून सही करून मोकळी होतात. पुढे सॅम्पल पॉझिटिव्ह आलं की पहिला प्रश्न हाच येतो, पावडर घेत होतास तर इथे का नाही लिहिलंस? आणि खाली शेरा लिहायला पण जागा असते, काही चुकीचं वाटलं तर तिथे लिहायचं असतं, तीही कोरीच. नियमात खेळाडूला सोबत आपला माणूस न्यायचा हक्क आहे आणि उपलब्ध असेल तर दुभाष्या मागायचाही. किती जणांना माहीत आहे हे? तुझ्या तालमीतल्या पोरांना विचारून बघ.

सुनावणीत सुद्धा तेच. चीनचा जलतरणपटू सुन यांग याची 2019 मधली सुनावणी माँत्रो इथे लोकांसमोर खुली झाली होती आणि तिथे चायनीजमधून इंग्लिशमध्ये भाषांतर इतकं गडबडलं की मध्येच दुभाष्या बदलावा लागला. एवढा मोठा ऑलिंपिक चॅम्पियन, हाताशी महागडे वकील, तरी त्याचं म्हणणं लवादापर्यंत सरळ पोचेना. मग आपल्या जत, आटपाडी, करमाळ्याच्या पोराचं काय होत असेल? तो मराठीत सांगणार की वस्तादांनी डबा दिला, मी दुधात टाकून प्यायलो, डबा आता घरी नाही. ही साधी गोष्ट वकिलाने नीट विचारून, तारीखवार, कोणी कधी काय दिलं अशी मांडून इंग्लिश शपथपत्रात आणायची असते, आणि त्यासाठी मराठी येणारा, तालमीतलं बोलणं कळणारा वकील लागतो. दिल्लीतला मोठा वकील हे दुभाष्यामार्फत करेल, तू थेट करशील. मराठी मीडियम आहे म्हणून तू पत्रात दोनदा कमीपणा घेतलायस, तो काढून टाक. या कामात ते तुझं भांडवल आहे.

आणि काम आहे का, तर भरपूर आहे, दुर्दैवाने. वाडाच्या 2024 च्या आकड्यांमध्ये भारतात 7,113 चाचण्या झाल्या आणि 260 पॉझिटिव्ह निघाल्या, मोठ्या देशांमध्ये हे प्रमाण सगळ्यात वाईट. त्यातले सगळेच मुद्दाम घेणारे नसतात. पण नियम असा आहे की शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची, कसं आलं हे त्यानेच दाखवायचं, तरच शिक्षा कमी व्हायची शक्यता. म्हणून डबा, त्यावरचा बॅच नंबर, दुकानाचं बिल, ऑनलाइन घेतलं असेल तर ऑर्डरचा स्क्रीनशॉट, हे जपून ठेवलं तर केस उभी राहते. आणि मुदतीत उत्तर दिलं नाही तर गुन्हा कबूल आहे आणि सुनावणी नको असं धरलं जातं, तुझ्या भावाच्या बाबतीत बहुतेक हेच झालंय.

त्याला एक गोष्ट मात्र आजच सांग. बंदी चालू असताना त्याने कुठल्याही संघटनेच्या स्पर्धेत उतरायचं नाही, उतरला तर मूळ बंदीएवढी नवीन बंदी पुढे जोडली जाऊ शकते. गावच्या जत्रेतलं मैदान असलं, इनाम कितीही असलं, तरी आयोजक तालीम संघ कुठल्या संघटनेशी जोडलेला आहे ते आधी बघायचं, शंका असेल तर लेखी विचारायचं. आणि बंदी संपत आली की शेवटचे दोन महिने किंवा बंदीचा शेवटचा चौथा हिस्सा, यातलं जे कमी असेल तेवढे दिवस आधी त्याला संघासोबत सराव करता येतो. त्याचा आदेश हातात घे आणि तारखा तू स्वतः काढून दे, ही तुझी पहिली केस समज.

पैलवान नरसिंग यादवचं प्रकरण पण नीट वाच. मुंबईत वाढलेला, तीनदा महाराष्ट्र केसरी, 2016 च्या रिओ ऑलिंपिकला निवड झालेला. दुसरा पैलवान सुशील कुमार ट्रायल मागायला दिल्ली हायकोर्टात गेला, ते कोर्टाने फेटाळलं, मग नरसिंगचं सॅम्पल पॉझिटिव्ह आलं, जेवणात कोणीतरी मिसळलं असं त्याचं म्हणणं, नाडाच्या पॅनलने ते मानलं आणि त्याला सोडलं. सगळ्यांना वाटलं सुटला. पण वाडा त्यावर कॅसमध्ये गेली आणि 18 ऑगस्टला, दुसऱ्या दिवशी कुस्ती असताना, चार वर्षांची बंदी आली. मला या केसचं फार वाईट वाटतं आजही. वकील म्हणून त्यातून शिकायचं ते हे, की इथे जिंकलं म्हणजे संपलं नाही, इथल्या सुनावणीत पुरावा असा उभा करायचा की तो पुढे परक्या लवादासमोर पण टिकला पाहिजे. कोणीतरी मिसळलं हे म्हणायला सोपं, कोणी, कधी, किती, हे दाखवायला लागतं.

डोपिंग सोडून बाकीचं काम तर आपल्या दारातच आहे. तू कबड्डी खेळलीयेस म्हणून सांगते, कबड्डीच्या राष्ट्रीय फेडरेशनवर 2018 मध्ये दिल्ली हायकोर्टाने प्रशासक बसवला होता, निवडणुका आणि कारभाराच्या भांडणावरून. जिल्हा संघटनांमध्ये पण हेच चालू असतं, फक्त पेपरात येत नाही. या संघटना बहुतेक सगळ्या सोसायटी आणि ट्रस्ट म्हणून नोंदलेल्या, म्हणजे भांडण धर्मादाय आयुक्तांकडे. कार्यकारिणी बदलली की चेंज रिपोर्ट टाकावा लागतो, दुसरा गट त्यावर हरकत घेतो, ते वर्षानुवर्षं पडून राहतं आणि तोवर दोन गट दोन वेगवेगळ्या टीम निवडतात, आणि मुलींना कळत नाही खरी टीम कुठली. हे सगळं कामकाज मराठीत, प्रोसिडिंग बुक मराठीत, अजेंडा मराठीत, सह्या मराठीत. इथे फ्रेंचचा काय संबंध सांग?

शिवाय ऑगस्ट 2025 मध्ये दोन गोष्टी झाल्या ज्या तुझ्या पिढीसाठी फार मोठ्या आहेत. एक म्हणजे नॅशनल स्पोर्ट्स गव्हर्नन्स अॅक्ट आला, त्यात खेळातल्या वादांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे आणि त्यावर अपील थेट सुप्रीम कोर्टात. दुसरं, मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं, सांगली त्यातच येते, त्यामुळे सिलेक्शनवरची किंवा स्पोर्ट्स कोट्यावरची रिट आता मुंबईला न जाता कोल्हापुरात. सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणावरून, प्रमाणपत्र पडताळणीवरून किती पोरं अडकलेली असतात, तुझ्या ओळखीत पण असतील.

म्हणून माझं मत विचारशील तर क्रम असा ठेव, की आधी इंग्लिश, कायद्याचं इंग्लिश, बोलायचं नंतर बघू. द्युती चंदचा निकाल कॅसच्या साइटवर फुकट मिळतो, लांबलचक आहे, रोज चार-पाच पानं वाच, प्रत्येक वेळी वाचलेलं आधी मराठीत लिही आणि मग तेच इंग्लिशमध्ये साध्या छोट्या वाक्यांत लिही. पहिल्या महिन्यात रडकुंडीला येशील, येऊ दे. वाडाचा कोड पण असाच वाच, कलमानुसार, त्याची भाषा ठरलेली आहे, तेच तेच शब्द परत येतात, एकदा हाताला बसले की सुटत नाहीत. मूट कोर्ट म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या खटल्यांमध्ये भाग घे, हरलीस तरी घे. आणि एक काम कर, त्या डोपिंग फॉर्मची आणि खेळाडूच्या हक्कांची सोप्या मराठीत दोन पानं लिहून तुझ्या तालुक्यातल्या तालमींमध्ये नेऊन दे. पोरांचा फायदा होईल आणि तुझा अभ्यास पक्का होईल, कारण दुसऱ्याला सांगता आलं नाही म्हणजे आपल्यालाच कळलं नाही.

कॉलेजच्या क्रेडिटला काहीतरी घ्यावंच लागणार आहे तर फ्रेंच घे, जर्मन नको. जर्मन वाईट नाही, फिफा झुरिकला आहे, स्विस कायद्यावरची पुस्तकं जर्मनमध्ये भरपूर आहेत, पण खेळाच्या कायद्यात फ्रेंच जास्त ठिकाणी उपयोगी पडते. फक्त एका सेमच्या क्रेडिटमधून तुला नाव सांगता येईल, पत्ता विचारता येईल, तेवढंच, त्यावर कायद्याचं काम होत नाही. कामाला येईल अशी फ्रेंच म्हणजे बी टू लेव्हल, आणि तिथपर्यंत जायला साधारण 500 ते 600 तास लागतात. रोज एक तास धरलास तर दीड वर्ष जवळपास गेलं. तेवढे तास आत्ता इंग्लिशवर घालवले तर जास्त पदरात पडेल असं मला प्रामाणिकपणे वाटतं. डिग्री हातात आल्यावर, ज्युनिअरशिप सुरू झाल्यावर, तेव्हाही लोझान डोक्यात असेल तर मग क्लास लाव, तेव्हा शिकलेलं राहतं पण, कारण समोर काम असतं.

बाहेर क्लास लावायचाच असला तर नियमाची भीती बाळगू नको. बार कौन्सिलच्या 2008 च्या लीगल एज्युकेशन रूल्समध्ये लॉ करताना दुसरा रेग्युलर डिग्री कोर्स करायला बंदी आहे हे खरं, पण त्याच सहाव्या नियमात भाषेचे छोटे पार्ट टाइम सर्टिफिकेट कोर्स त्यातून वगळलेत. तरी कॉलेजच्या ऑफिसात एक अर्ज देऊन पोच घेऊन ठेव, अटेंडन्सवरून उद्या कोणी काही बोलायला नको. पुण्यात आहेस तर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा फॉरेन लँग्वेज विभाग आहे, तिथे सर्टिफिकेट, डिप्लोमा असं करत जाता येतं, आणि आलियाँस फ्राँसेजमध्ये डेल्फच्या, म्हणजे फ्रेंच भाषेच्या, परीक्षा होतात, ते सर्टिफिकेट जगभर चालतं. दोन्हीकडे जाऊन फी आणि वेळ विचार, तुझ्या लेक्चरशी जुळतं का ते बघ.

एक वेगळा पर्याय पण सुचवते. फुटबॉलमध्ये जायचं असेल तर स्पॅनिशचा विचार कर. परदेशी खेळाडूचा पगार थकला, करार मध्येच तोडला, अशी भांडणं फिफाच्या फुटबॉल ट्रिब्युनलकडे जातात. आपल्या शेजारी गोव्यातच बघ, एफसी गोवाने किती स्पॅनिश खेळाडू आणि कोच आणले, कोरोमिनास, एदू बेदिया, लोबेरा, मार्केझ. अशा माणसाशी त्याच्या भाषेत बोलणारा भारतीय वकील असला तर तो त्यालाच फोन करणार. हे मी सक्तीने सांगत नाहीये, आवड असली तर.

परदेशात मास्टर्स करायचं असेल तरी फ्रेंच अडवत नाही. न्यूशातेलच्या सीआयईएस संस्थेचा फिफा मास्टर म्हणून जो कोर्स आहे तो तीन देशांत चालतो, इंग्लंड, इटली, स्वित्झर्लंड, आणि शिकवतात इंग्लिशमध्येच. खर्च मात्र मोठा आहे, स्कॉलरशिपशिवाय घराचं कर्ज काढून जाऊ नको, आधी दोन-तीन वर्षं इथे काम कर, मग अर्जात लिहायला पण काहीतरी असेल.

राहिला पोटाचा प्रश्न. खरं विचारलंस म्हणून खरं सांगते, नुसत्या स्पोर्ट्स लॉवर सुरुवातीची वर्षं निघणार नाहीत. ज्याच्यावर बंदी आलीये त्या पोराकडे फी द्यायला पैसे नसतात, आणि तुझा स्वभाव बघता तू मागणारही नाहीस. म्हणून ज्युनिअरशिप अशा वकिलाकडे कर जो रिट आणि ट्रस्टची कामं करतो, महिन्याचं काहीतरी ठरवून घे, बाकीचं सिव्हिलचं काम कर, आणि खेळाच्या केसेस त्याच्या जोडीला. पैसे जिथे आहेत ते काम म्हणजे करार. प्रो कबड्डी 2014 ला सुरू झाल्यापासून खेड्यापाड्यातली पोरं लीगचे, स्पॉन्सरचे, एजंटचे इंग्लिश करार सह्या करून बसतात, एजंटचं कमिशन किती, दुखापत झाली तर पैसे मिळणार का, किती वर्षं बांधलेलो आहोत, काही विचारत नाहीत. करार वाचून देण्याची वाजवी फी ठरव आणि ती घेच, तिथे संकोच करू नको, पोराला त्या करारातून पैसे मिळणारच असतात. तुझ्याबरोबर खेळलेल्यांपैकी कोणी लीगच्या ट्रायलला जात असेल तर आत्ताच सांगून ठेव, सही करायच्या आधी कागद मला पाठव. अजून सनद नाही तोवर फी घेता येणार नाही आणि वकील म्हणून सल्लाही देता येणार नाही, पण कागद वाचून, कुठे काय लिहिलंय ते मराठीत समजावून, ओळखीच्या वकिलाकडे नेऊन द्यायला कोणाची ना नाही.